सातव्या पानावर बळीराम पडतो

दिनानाथ कर्णिक पनवेलच्या पोस्टात तिकिटं विकत आणि ‘खाडीवार्ता’ साप्ताहिकात नाटकांची परीक्षणं लिहीत. पहिल्या कामाबद्दल त्यांना पगार मिळे, दुसऱ्याबद्दल पहिल्या रांगेतली खुर्ची. नायकानं भूमिका समरसून केली, नायिकेचा आवाज गोड होता, नेपथ्य यथोचित होतं आणि पानसुपारीची व्यवस्था चोख होती, एवढं ते दर वेळी लिहीत. त्यांच्या परीक्षणानं आजवर कोणाचंही मन दुखावलेलं नव्हतं. त्यामुळे निर्भीड परीक्षक म्हणून त्यांचा लौकिक होता.

छप्पन सालच्या थंडीत गावातल्या तालमीचा रौप्यमहोत्सव आला. त्यासाठी नेमलेल्या समितीत एक भातगिरणीचे मालक, एक किराणा व्यापारी आणि ‘खाडीवार्ता’चे संपादक महादेवराव होते. तिघांपैकी कोणीही तालमीत कधी पाऊल टाकलेलं नव्हतं, म्हणून त्यांच्या निःपक्षपातीपणाबद्दल गावाला खात्री होती. समितीनं ठराव केला, की महोत्सवाच्या समारोपाला ‘जुन्या धंदेवाईक कुस्त्यांची रात्र’ करावी.

दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईआधी बंदरावरच्या मैदानात दर वर्षी एक ठेकेदार तंबू ठोकून तिकीट लावून कुस्त्या करी. कोणी जिंकायचं आणि कोणी पडायचं हे तो दुपारच्या चहाच्या वेळीच पैलवानांना सांगून ठेवी. हे गावात सर्वांना माहीत होतं आणि तिकीट काढताना सर्वजण विसरत. त्यातली सगळ्यांत गाजलेली जोडी म्हणजे करंज्याचा हाफिज आणि सुकापूरचा बळीराम. हाफिज देखणा होता, मिशा राखून होता, म्हणून तो जिंके. बळीराम मिठागरावर मीठ ओढणारा, उन्हानं काळा ठिक्कर पडलेला, म्हणून तो पडे. तेव्हाचे सहा पैलवान अजून हयात होते. त्यांनाच बोलवून त्याच कुस्त्या, त्याच निकालांसकट, गावाला पुन्हा दाखवायच्या होत्या.

समिती परवाना मागायला गेली. परवाना अधिकारी सज्जन आणि अभ्यासू होते. त्यांनी अर्ज दोनदा वाचला आणि हा खेळ आहे की नाटक, असं विचारलं. महादेवराव म्हणाले, कुस्ती आहे, तेव्हा खेळच.

“निकाल ठरलेला आहे?”

“जुन्या कुस्त्या आहेत, साहेब. निकाल तेव्हाच लागलेला आहे.”

“मग नाटक,” अधिकारी म्हणाले. “खेळात निकाल शेवटी लागतो. नाटकात तो आधी लागतो आणि प्रेक्षकांना शेवटी कळतो.”

खेळ म्हणून परवाना हवा असेल तर प्रत्येक पैलवानाला प्रकृतीचा दाखला लागेल, असंही त्यांनी सांगितलं. सहाही पैलवान पन्नाशी ओलांडलेले होते. गावातल्या डॉक्टरांनी त्यांना एका रांगेत उभं करून पाहिलं आणि दाखल्याऐवजी प्रत्येकाला औषधाची बाटली दिली. तेव्हा समितीनं एकमतानं नाटक पत्करलं.

नाटक म्हटल्यावर संहिता आली. ती महादेवरावांनी लिहिली. ‘बळीराम डावीकडून प्रवेश करतो. शड्डू ठोकतो. हाफिज त्याच्याकडे तुच्छतेने पाहतो.’ अशी सात पानं झाली. तोवर महादेवरावांची आयुष्यात एकही साहित्यकृती पूर्ण झाली नव्हती, त्यामुळे ही त्यांना फार आवडली. अधिकाऱ्यांनी ती बारकाईनं तपासली. पैलवान एकमेकांच्या लंगोटाला हात घालत होते, ती वाक्यं अश्लील म्हणून काढली. शड्डू प्रेक्षकांकडे तोंड करून ठोकू नये, अशी दुरुस्ती सुचवली. नाटक आहे म्हणून रंगमंच हवा, पडदा हवा, प्रॉम्प्टर हवा. आणि प्रयोग मंजूर संहितेबरहुकूम झाला याचा पुरावा म्हणून छापील परीक्षण कचेरीत दाखल करावं, अशी अट त्यांनी शेवटी घातली.

अशा रीतीनं दिनानाथ कुस्तीत ओढले गेले.

ते तालमीसाठी, म्हणजे नाटकाच्या तालमीसाठी, एक दिवस आधी गेले. रंगमंचावर लाल माती पसरली होती. प्रॉम्प्टर शिवराम विंगेत संहिता घेऊन उभा होता. वीस वर्षं त्यानं गावातल्या हौशी नटांना वाक्यं पुरवली होती आणि नट जे बोलत त्याहून त्याचाच आवाज जास्त लोकांना पाठ होता. तो वाचेल तसे पैलवान पडत, उठत. बळीराम सातव्या पानावर व्यवस्थित पडला. महादेवरावांनी त्याला आणखी थोडं करुण पडायला सांगितलं, तसा तो पडला.

नंतर माती झटकत तो दिनानाथांशेजारी येऊन बसला. बोलण्याचा त्याला सराव नव्हता. पण हा माणूस लिहिणारा आहे एवढं त्याला समजलं होतं. त्यानं सांगितलं, की ठेकेदाराकडे त्यानं एकदाच मागणं केलं होतं: बाहेरगावी कुठंही पाडा, पण पनवेलात, आपल्या माणसांसमोर, एकदा जिंकू द्या. ठेकेदार पुढच्या वर्षी म्हणाला. पुढच्या वर्षी लढाई लागली आणि तंबू आला नाही. बायको गोदू त्याची कुस्ती पाहायला कधीच आली नव्हती. पडताना बघवणार नाही म्हणायची.

“उद्या येनार हाय,” बळीराम म्हणाला. “समितीनं चिठी दिलीय. मी बोललो, नको येव. तर बोलते, आता म्हातारपनी काय पडशील तो बघून घेते.”

दिनानाथांनी यावर काहीतरी सहानुभूतीचं बोलायचं ठरवलं, पण त्यांना ‘समरसून’ सोडून शब्द सुचला नाही.

प्रयोगाला बंदरापासून बाजारापर्यंतचं सगळं गाव लोटलं. पहिल्या कुस्तीत एका पैलवानाला दम्याचा झटका आला आणि दुसऱ्यानं त्याला पडू न देता धरून ठेवलं. ज्यानं पडायचं तोच चुकून जिंकू नये म्हणून शिवरामनं संहितेतल्या तीन ओळी गाळल्या. दुसऱ्या कुस्तीत दोघे एकमेकांना मिठी मारून इतका वेळ स्तब्ध राहिले, की पंचांनी वाकून दोघे जागे आहेत ना ते पाहिलं. दिनानाथांनी मनातल्या मनात वाक्यं जुळवली: संथ परंतु परिणामकारक, नेपथ्य यथोचित.

मग हाफिज आणि बळीराम आले. हाफिजच्या मिशा पांढऱ्या झाल्या होत्या, पण तुच्छतेनं पाहणं त्याला अजून जमत होतं. सहा पानं सुरळीत गेली. सातव्या पानावर हाफिजनं टांग मारली.

“बळीराम पडतो,” विंगेतून शिवराम म्हणाला.

बळीराम पडला नाही. पाय रोवून उभा राहिला. बंदरात होड्या बांधायचा खुंट असतो तसा. हाफिजनं पुन्हा टांग लावली, या वेळी जरा मनापासून.

“बळीराम पडतो,” शिवराम मोठ्यानं म्हणाला. तरीही काही होईना, तेव्हा त्याच्यातला वीस वर्षं मुरलेला प्रॉम्प्टर खवळला आणि शेवटच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात तो ओरडला, “अहो बळीराम, पडा.”

बळीरामनं मान वळवून विंगेकडे पाहिलं. मग बायकांच्या बाजूला पाहिलं. हाफिजलाही त्या क्षणी काय चाललंय ते उमगलं असावं, कारण त्यानं दोन्ही हातांनी त्याची मान धरली आणि सगळा जोर लावला. आता तिथं संहिता उरली नव्हती. दोन म्हातारे दात-ओठ खात एकमेकांना ओढत होते, त्यांच्या छातीचे भाते दिनानाथांना खुर्चीत बसून ऐकू येत होते. मग बळीरामनं एक गिरकी घेतली, ढाक मारली आणि करंज्याचा हाफिज पाठीवर आदळला. फळ्या वाजल्या. मातीचा धुरळा पहिल्या रांगेवर आला.

लोकांनी रंगमंचावर चढून बळीरामला खांद्यावर घेतलं. सगळ्यांत पुढं न्हावीआळीतला धोंडू होता. परवाना अधिकाऱ्यांनी संहिता मिटली आणि टोपी घातली. दिनानाथांचा चष्मा धुळीनं भरला होता. तो पुसायचं त्यांना भान नव्हतं.

सकाळी कचेरीत चौकशी झाली. अधिकाऱ्यांचं म्हणणं साधं होतं. मंजूर झालेला प्रयोग झाला नाही, आणि झालेला प्रयोग मंजूर नव्हता. परीक्षणात तसं सिद्ध झालं, तर बळीराम आणि हाफिज यांना यापुढे कोणत्याही रंगमंचावर पाय ठेवता येणार नाही, आणि तालमीला कसलाही परवाना मिळणार नाही. परीक्षणात सिद्ध झालं नाही, तर प्रश्नच नाही. साहेब स्वतः तिथं होते, हे भातगिरणीवाल्यांनी भीतभीत सुचवलं. अधिकारी म्हणाले, “मी तिथं खासगी माणूस म्हणून होतो. कचेरीला डोळे नसतात, कागद असतात.”

बाहेर आल्यावर महादेवरावांनी दिनानाथांना संहितेप्रमाणे लिहायला सांगितलं. त्यांचा आवाज दुखावलेला होता. आपल्या कलाकृतीचा शेवट एका मिठागरवाल्यानं बदलला, हे त्यांना रात्रभर बोचत होतं.

दिनानाथ पोस्टात रजा टाकून सुकापूरला गेले. ज्यांच्याबद्दल लिहायचं त्यांनाच विचारावं, असं त्यांना आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. बळीरामच्या ओटीवर हाफिज पालथा पडला होता आणि बळीराम त्याच्या पाठीला तेल चोळत होता. करंज्याला परत नेणारा मचवा हाफिजनं जाऊ दिला होता. दिनानाथांनी सगळी अडचण समजावून सांगितली: खरं लिहिलं तर दोघांवर बंदी येईल.

“कशावर बंदी?” बळीराम म्हणाला. “पडाला मना कराल? करा की.”

दिनानाथांनी हाफिजकडे पाहिलं. हाफिज कण्हत कुशीवर वळला.

“भाईसाब, मी इतकी वर्षं जिंकलो. त्यातली एक तरी कुस्ती खरी होती का, खुदा जाने. कालची खरी होती. ती माझी आहे. माझ्याकडून काढून घेऊ नका.”

गोदू चहा घेऊन आली. तिला दिनानाथांची अडचण शेवटपर्यंत कळली नाही. तिनं एवढंच विचारलं, “तुमी व्हतात ना तिथं? मंग दिसला तो लिवा.”

दिनानाथांनी घरी जाऊन दिसलं ते लिहिलं. समरसून नाही, यथोचित नाही, पानसुपारी नाही. खुंटासारखे रोवलेले पाय लिहिले, शिवरामची हाक लिहिली, छातीचे भाते लिहिले. बायकोला ते वाचून दाखवलं, आणि त्या बाईंनी, ज्या त्यांचं परीक्षण फक्त रद्दी बांधताना पाहत, पुन्हा एकदा वाचायला सांगितलं.

महादेवरावांनी ते परीक्षण हातात घेतलं आणि वाचता वाचता उठून उभे राहिले. ‘खाडीवार्ता’त असं मराठी आजवर छापलं गेलं नव्हतं, असं ते म्हणाले, आणि ते खरं होतं. एका शब्दालाही हात लावणार नाही, असं वचन त्यांनी दिलं. तेही त्यांनी पाळलं. छापताना त्यांनी फक्त दोन नावांची अदलाबदल केली.

शुक्रवारी अंक आला. हाफिज पाय रोवून उभा राहिला होता. ढाक हाफिजनं मारली होती. बळीराम पाठीवर आदळला होता, मातीचा धुरळा पहिल्या रांगेवर आला होता. अधिकाऱ्यांनी परीक्षण दाखल करून घेतलं आणि वर्णन फार जिवंत असल्याचा शेरा मारला.

दिनानाथ अंक घेऊन तडक धोंडूच्या दुकानात गेले. धोंडू गिऱ्हाइकाच्या गालाला साबण लावत होता. त्यानं परीक्षणाचं तोंडभर कौतुक केलं.

“अरे, पण तू बळीरामला खांद्यावर घेतलं होतंस.”

“घेतलं होतं,” धोंडू म्हणाला. “मला वाटलं होतं तोच जिंकला. पेपर वाचला तेव्हा चूक कळली.”

साबण लावलेल्या गिऱ्हाइकानं मान हलवली. तोही त्या रात्री तिथं होता.

दिनानाथ आठवडाभर गावात फिरले. पोस्टात येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी विचारलं. लोक त्यांना त्यांचंच परीक्षण पाठ म्हणून दाखवत. फार खोदून विचारलं तर म्हणत, तुम्हीच लिहिलंत आणि तुम्हीच विचारता? शिवरामनं तर छातीवर हात ठेवून सांगितलं, की तो ‘पडा’ म्हणाला आणि बळीराम पडला. नट ऐकत नाही असं त्याच्या कारकिर्दीत घडलेलं नाही. तिकडे करंज्याला हाफिज बंदरावर बसून, मासळीचा लिलाव थांबवून, आपण कसे हरलो ते सांगे. एवढा मोठा पैलवान आणि किती नम्र, म्हणून लोकांचा त्याच्यावरचा जीव दुप्पट झाला. बळीराम मिठागरावर परत गेला. कोणी काही विचारलं नाही, म्हणून त्यानंही काही सांगितलं नाही. गोदू मात्र पाणवठ्यावर पहिले काही दिवस भांडली. मग तिलाही कोणी पेपर वाचून दाखवला. ती म्हणाली, मना वाचाला येत नाय, मी बघितलाय. बायका हसल्या.

दिनानाथांनी परीक्षणं लिहिणं सोडलं. पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर दुसरा निर्भीड परीक्षक आला.

ही हकीकत आजवर कुठं छापून आली नव्हती, त्यामुळे ती खोटी होती. आता ती छापली आहे. तुम्ही ती वाचत वाचत इथवर आलात, बळीरामच जिंकला यावर तुमचा विश्वासही बसला, आणि त्या रात्री तुम्ही पनवेलात नव्हता.