नीलपट्टणच्या सहलीची रंगीत तालीम

एका जंगलात, मुलांनो, (कुठल्या ते विचारू नका, तुम्ही लगेच नकाशा घेऊन बसाल) रंगीत तालमीशिवाय काहीही होत नसे. लग्नाची तालीम होई, भांडणाची होई. म्हाताऱ्या सशाच्या अंत्ययात्रेचीसुद्धा झाली होती. ससा स्वतः हजर होता आणि त्याने हारांबद्दल दोन सूचना केल्या.

त्या जंगलात केरोबा नावाचं एक खवलेमांजर राहत असे. अंगभर खवले, जीभ लांब, स्वभाव गरीब. कुणी टक लावून पाहिलं की केरोबा अंगाचा चेंडू करून बसे. असे लोक असतात. हसू नका.

तर या केरोबाच्या डोळ्यांवर धुकं यायला लागलं होतं. घुबड वैद्याने त्याची पापणी उलटून पाहिली आणि सांगितलं, "दिवाळीपर्यंत दिसेल. पुढचं मी बोलत नाही."

केरोबाने जन्मभर मुंग्या पाहिल्या होत्या. मुंग्या वाईट नसतात, पण त्याच त्या असतात. खाली दक्षिणेला नीलपट्टण नावाचं शहर आहे, चारी बाजूंनी डोंगर, मधोमध भलंमोठं तळं आणि काठावर महाल, असं त्याने बगळ्यांकडून ऐकलं होतं. डोळे जाण्याआधी ते तळं एकदा बघायचं, एवढंच त्याच्या मनात होतं.

आणि काय योग पाहा, त्याच वर्षी जंगलाने नीलपट्टणला सहल काढायचं ठरवलं. कारण कुणा प्रवाशाचा कॅमेरा झाडाखाली राहिला होता, आणि कॅमेरा आहे म्हटल्यावर कुठेतरी जाणं भागच होतं. लगेच समिती झाली. अध्यक्ष चंद्रसेन मोर. दुसरं नाव कुणी सुचवलंच नाही, कारण चंद्रसेन सूचना मागताना पिसारा फुलवून उभा होता. कॅमेरा सुधाकर वानराकडे. त्याला कुठलं बटण दाबायचं ते माहीत होतं, म्हणून तो तज्ज्ञ.

पहिल्या बैठकीत सुधाकरने बॉम्ब टाकला. "फोटो काढण्यासारख्या जागा पाच आहेत आणि पाचही जागांना सूर्योदयच लागतो. नंतरच्या उन्हात नाकाची सावली ओठांवर पडते."

"माझ्या नाकाची तर गुडघ्यापर्यंत पडेल!" हत्तीण घाबरून म्हणाली.

जागा पाच आणि सूर्योदय एक. यावर महिनाभर चर्चा झाली. शेवटी कोंबड्यामार्फत सूर्याला अर्ज करण्यात आला, की एका दिवसापुरते पाच वेळा उगवावे. कोंबड्याने परत येऊन सांगितलं, "विचार चालू आहे."

केरोबाने भीत भीत पंजा वर केला. "तळं किती वेळ बघायला मिळेल?"

चंद्रसेनने कागद पाहिला. "तळ्याला सात मिनिटं. त्यात बघणं धरलेलं नाही."

मग अर्थातच रंगीत तालीम ठरली. म्हशीचं डबकं म्हणजे तळं. वारूळ म्हणजे महाल. केरोबाने महालापासून चार हात लांब राहावं असा ठराव झाला, कारण आदल्या दिवशी त्याने घुमट खाल्ला होता. तळं पुरेसं निळं दिसेना, तेव्हा त्यात कपड्यांची नीळ ओतली. डबक्यात बसलेली म्हैस काही केल्या उठेना. ती नखशिखांत निळी झाली आणि फोटोत दूरचा डोंगर म्हणून खपून गेली.

सुधाकर "हसा" म्हणे. सगळे हसत. कॅमेरा वळला की केरोबाचा चेंडू होई. त्यामुळे प्रत्येक फोटोत एका कोपऱ्यात एक खवल्यांचा चेंडू आला. समितीने नोंद केली, 'चेहरा दिसत नसला तरी हजर धरावे.'

फोटो फार सुंदर आले. इतके सुंदर, की दुसऱ्या दिवशी चंद्रसेनने सभा बोलावून जाहीर केलं, "आपली सहल यशस्वी झाली!"

टाळ्या पडल्या. केरोबाने इकडेतिकडे पाहिलं.

"कधी झाली?"

"हे काय फोटो!"

"पण आपण गेलोच नाही."

चंद्रसेनने समजावणीचा सूर लावला. "केरोबा, तिथे पाऊस असला तर? गर्दी असली तर? यापेक्षा चांगले फोटो येतील याची हमी तुम्ही देता का?"

केरोबा कशाची हमी देणार? सर्वांचे आभार मानून समिती विसर्जित झाली.

केरोबा बिळात आला आणि रडायला लागला. बायको सगुणा भिंतीवरच्या मुंग्या टिपत होती.

"अगं, ते म्हणतात मी जाऊन आलो," तो म्हणाला.

"आणि तुमचे डोळे काय म्हणतात?"

"ते म्हणतात दिवाळी आली."

"मग उठा. डोळे काय समितीला विचारून जाणार आहेत? माझी शेपूट धरा आणि चला."

अकरा दिवस ती पुढे आणि तो मागे. वाटेत तिने त्याला चार वेळा ओढ्यातून आणि एकदा स्वतःच्या विचारातून बाहेर काढलं. बाराव्या सकाळी दोघं नीलपट्टणच्या घाटावर येऊन बसले.

मुलांनो, तळं निळं नव्हतंच. पहाटे ते चहाच्या रंगाचं होतं. ऊन आल्यावर हिरवं झालं, आणि ढग आला तेव्हा तर त्याला रंगच उरला नाही. महालाला रंगकामासाठी परांची बांधली होती आणि तिच्यावर दोन माकडं डबा खात बसली होती. एक बगळीण पायरीवर कपडे आपटत कुणाला तरी शिव्या देत होती. केरोबाला ती भाषा येत नव्हती, पण शिव्या होत्या एवढं कळत होतं. त्याला इतकं बरं वाटलं, की संध्याकाळपर्यंत तो हललाच नाही. दिवसभरात त्याच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही आणि दिवसभरात त्याचा एकदाही चेंडू झाला नाही.

"दिसतंय का?" सगुणाने विचारलं.

"सगळं," केरोबा म्हणाला.

परत आल्यावर त्याने आनंदाच्या भरात सगळ्या जंगलाला हकिगत सांगितली. तीच चूक झाली. दुसऱ्या दिवशी त्याला सभेपुढे उभं केलं.

"फोटो?" सुधाकरने हात पुढे केला.

"नाही काढला."

"तळं कसं होतं म्हणालात?" चंद्रसेनने विचारलं.

"आधी चहासारखं. मग हिरवं."

"आमच्या फोटोत निळं आहे. आणि त्या फोटोत तुम्ही आहात! म्हणजे तुम्ही एकदा जाऊन आलेले आहात. इतरांना डावलून दोनदा जाणं तुम्हाला शोभतं का?"

सगळ्यांच्या नजरा वळल्या. केरोबाचा तिथल्या तिथे चेंडू झाला. 'आरोपीने तोंड लपवले' अशी नोंद करून सभेने ठरवलं, की केरोबा गेलेला असून गेलेला नाही.

दिवाळीला केरोबाचे डोळे गेले. वैद्याचा शब्द खरा ठरला. केरोबा बिळाच्या तोंडाशी ऊन खात बसू लागला.

एका दुपारी, सगळं जंगल झोपलेलं असताना, जवळच खाकरण्याचा आवाज आला. केरोबाने तो ओळखला.

"या, चंद्रसेनराव."

"हळू बोला. मी इथे आलेलो नाही." चंद्रसेन टेकला. मग म्हणाला, "खरंच, कसं होतं हो?"

केरोबाने सांगितलं. पहाटेपासून सुरुवात केली, काहीही न गाळता. शिव्या देणाऱ्या बगळिणीपाशी चंद्रसेनने त्याला थांबवलं आणि तेवढं पुन्हा सांगायला लावलं. मागे झुडपात आणखी दोघेतिघे आपला नंबर यायची वाट पाहत होते. ते एकमेकांना दिसत होते, पण कुणी कुणाला ओळख दाखवत नव्हतं.

सांगून संपल्यावर चंद्रसेनने अगदी खालच्या आवाजात विचारलं, "मी तिथे कसा दिसलो असतो?"

केरोबाने विचार केला. खोटं बोलणं त्याला जमत नसे.

"तिथे तुमच्याकडे कुणी बघितलंच नसतं, चंद्रसेनराव."

चंद्रसेनने पिसारा हळूच मिटून पाठीमागे टाकला.

"किती बरं झालं असतं," तो म्हणाला.

तात्पर्य: प्रेक्षणीय स्थळांचे फोटो नेहमी घरीच काढून घ्यावेत, म्हणजे तिथे जावं लागत नाही आणि जाऊन आलेल्याला खोटं पाडता येतं. मात्र असा एखादा खोटा पाडलेला शेजारी जपून ठेवावा. दुपारी विचारायला बरा पडतो.