परबकाकांचा आवाज

परबकाका पक्षी दाखवायला लागले की पक्षी उडून जायचे.

"थंय बघा, हळद्यो," असं ते म्हणायचे आणि समोरचं झाड रिकामं व्हायचं. मग काका शांतपणे सांगत, "आत्ताच हंय होतो. खंय गेलो काय म्हायत."

बोरिवलीच्या नॅशनल पार्कात आमची एक छोटी निसर्गसंस्था होती. रविवारी लोकांना फुकट जंगल दाखवायचं, शाळांच्या सहली फिरवायच्या, गेटाजवळ टेबल टाकून माहिती द्यायची, एवढंच काम. काका मूळचे मालवणकडचे. आयुष्यभर गिरणीत माग चालवला, संपात गिरणी बंद पडली, आणि घरात बसून कंटाळले तेव्हा आमच्यात आले. मागांच्या खडखडाटात कान अर्धे गेलेले. त्यामुळे आपण कुजबुजतोय, अशीच त्यांची प्रामाणिक समजूत असे.

"काका, जरा हळू बोला ना," आमच्या सेक्रेटरी नीलाताई म्हणाल्या.

"ह्याच्यापेक्षा हळू बोललंय तर माकाच ऐकाक येवचा नाय."

शेवटी त्यांना टेबलावर बसवलं. तिथे एका जोडप्याने बिचकत विचारलं, "शांत जागा कुठे आहे हो?" काका म्हणाले, "एकांत होयो? तळ्याच्या मागसून जावा." अख्खं गेट वळून बघायला लागलं. ते जोडपं तळ्याकडे न जाता थेट घरी गेलं.

मग कमिटीने ठरवलं, काकांना आता थांबवायचं. सांगायचं काम माझ्यावर आलं. मी सांगणार होतो त्याच रविवारी सकाळी मुलुंडहून ऐकू न येणाऱ्या मुलांची सहल आली. त्यांच्या बाईंना बस लागलेली, त्या डोकं धरून बसमध्येच बसल्या. नीलाताईंनी पाठ केलेलं भाषण सुरू केलं. मुलं त्यांच्याकडे कीव आल्यासारखी बघत राहिली.

परबकाका टेबलावरून उठले आणि तोंड मिटून पुढे झाले. त्यांच्या हातांतून माकडीण निघाली, पोटाला पिल्लू धरून. मग मुंग्यांची रांग, मग चिडलेला साप. मुलं खिदळत त्यांच्या मागे निघाली. वाटेत एका फांदीवर हळद्या बसला होता. काकांनी नुसतं बोट केलं. सगळ्यांनी तो पोटभर पाहिला.

बस गेल्यावर काका रस्त्याकडे बघत उभे होते. कमिटीचा निरोप माझ्या तोंडातच राहिला. मी त्यांच्या कानाशी जाऊन विचारलं, "हे कुठे शिकलात?"

"गिरणीत, आमच्या खात्यात. मागाच्या आवाजात काय ऐकाक येता? आम्ही हातानीच बोलायचो. बाजूच्या मागावर बाबल्यो होतो. संपात गावाक गेलो तो गेलोच." बोलता बोलता त्यांनी बोटं जुळवून हात छातीपाशी हलवला.

"म्हणजे काय?"

"जेवलंस काय. आता कोण इचारता."

मी तसाच हात करून पाहिला. काकांनी माझा अंगठा धरून आत वळवला.

"असो नाय रे. असो केलंस तर धागो तुटलो असा होता."