दुखतंय? बेस!

मनवेलपाड्यात आमच्या इमारतीखालून सकाळी जायचं तर हात नीट हलवत जावं लागतं. नाहीतर दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून आवाज येतो, "ए पिवला शर्ट! हात काय खिशात शिवलेत? डावा, उजवा, डावा!" पिवळा शर्ट दचकून खरोखरच पाऊल बदलतो. वर बनियन, कडक इस्त्रीची पँट आणि पॉलिश केलेले बूट अशा थाटात उभे असतात ते आमचे शेजारी काशिनाथ तांडेल, नौदलातले निवृत्त चीफ, म्हणजे अधिकाऱ्यांच्या खालचा हुद्दा. जन्म कोळीवाड्यातला, पण उभं आयुष्य बोटीपेक्षा परेडच्या मैदानावरच जास्त गेलं. अधिकारी व्हायला आलेल्या पोरांना चालायला शिकवणं, हे त्यांचं काम.

मला हा गृहस्थ कधी आवडला नाही, ते आधीच सांगून टाकतो.

माझी पाठ धरली तेव्हा बायकोने त्यांच्याकडून शेकायची पिशवी आणली. पिशवीमागोमाग हे हजर. "दुखतंय? बेस! म्हंजे पाठ जाग्यावर हाय." सेक्रेटरी नाईकांची दाढ असो, वॉचमनचा कान असो, सगळ्यांना एकच औषध.

तळमजल्यावरचे आजोबा गेले तेव्हा तर कहर झाला. तिरडी उचलली आणि हे बाजूने चालत ओरडायला लागले, "खांदेकरी, पाय जुळवा! म्हातारा हिंदकलतोय!" पुढच्या खांद्याला मी होतो. सांगायला लाज वाटते, पण आम्ही पाय जुळवले, आणि म्हातारा हिंदकळायचा थांबला.

नौदलात एक रीत आहे म्हणे. पोराचं शिक्षण पुरं होऊन तो अधिकारी झाला, की कालपर्यंत त्याच्यावर खेकसणारा चीफच त्याला सलाम ठोकतो आणि 'सर' म्हणतो. चीफ हे रंगवून सांगत. "लय जनांना ठोकला. एक राखून ठेवलाय, आमच्या परशासाठी." प्रशांत हा त्यांचा एकुलता एक मुलगा. तो तेव्हा अधिकारी होण्याचं शिक्षण घेत होता.

तो सलाम राखलेलाच राहिला. चीफच्या बायकोने, म्हणजे काकींनी, एकदा रडत रडत मला सगळं सांगितलं. शेवटच्या सत्रात प्रशांतचा गुडघा सुजला. आजारी म्हणून नाव द्यावं तर सत्र बुडणार. त्याने घरी फोन केला, "बाबा, पाय टेकवत नाही. काय करू?" परेड चुकवायला पाय धरून बसणारी पोरं चीफनी आयुष्यभर बघितली होती. त्या सगळ्यांना सांगत तेच लेकाला सांगितलं, "दुखतंय? बेस! म्हंजे पाय जाग्यावर हाय." बापाचा शब्द म्हणून पोरगं तसंच पळत राहिलं. गुडघा कायमचा गेला आणि त्याला घरी पाठवून दिलं.

आता प्रशांत उजवा पाय ओढत चालतो. कामणच्या एका गोदामात खुर्चीवर बसून आलागेला माल बघतो, नायगावला भाड्याने राहतो. रविवारी आईला भेटायला यायचा. बापाशी एक अक्षर नाही. तो खालून जाताना चीफ गॅलरीत असत, पण त्याच्या चालीवर चकार शब्द काढत नसत. आणि एवढं होऊनही इतरांना 'बेस' म्हणणं काही सुटलं नव्हतं. माझं डोकं फिरायचं ते याच गोष्टीने.

मागच्या महिन्यात काकी गेल्या.

प्रशांत मडकं घेऊन पुढे, मागे तिरडीला आम्ही चौघं. पण दर दोन-चार पावलांना आम्ही त्याच्या पाठीवर जाऊन धडकायला लागलो. नाईक कुजबुजले, "मडकं दुसऱ्या कोणाकडे तरी द्या हो. त्याला रिक्षात बसवा."

"थांबा!"

अख्खी गल्ली थांबली. सकाळपासून मुके झालेले चीफ बोलले होते. "कोनी त्याच्या पुढं जायाचं नाय. त्याच्या पायानं चाला."

आणि ते मोजायला लागले. "डावा..." मग प्रशांतचा दुसरा पाय घासत पुढे येईपर्यंत वाट बघायची, आणि मग "उजवा." मैदानावर असं मोजणाऱ्याला त्यांनी उभ्या उभ्या हाकललं असतं. आम्ही चार धडधाकट माणसं लंगडत निघालो. कोणालाही हसू आलं नाही.

नाक्यावर प्रशांत उभा राहिला. मडक्याची दोरी दुसऱ्या हातात घेतली आणि मागे न बघता म्हणाला, "दुखतंय."

इतक्या वर्षांत बापाला ऐकवलेला हा पहिला शब्द. त्यावरचं उत्तर आम्हा सगळ्यांना पाठ होतं. मी मनातल्या मनात हात जोडले, देवा, आज तरी या माणसाचं तोंड बंद ठेव.

चीफनी मोजणं थांबवलं. "थांबू रे बाला," ते म्हणाले. "लागंल तेवडं थांबू."

प्रशांतने मान वळवली नाही. मागे रिक्षावाले हॉर्न वाजवत होते. तिरडी खांद्यावर घेऊन आम्ही भर रस्त्यात तसेच उभे राहिलो. माझा खांदा ठणकत होता, पण मी खांदा बदलून मागितला नाही.