रकियाने धाडलेला निरोप

तारेशिवाय, रेडिओशिवाय, नुसत्या वासावर निरोप धाडता येतो, हे मी अख्ख्या नोवी साद शहराला दाखवून देणार होतो. टेबलाच्या एका टोकाला रकियाचा, म्हणजे आमच्याकडच्या फळांच्या दारूचा, फवारा आणि पंखा, दुसऱ्या टोकाला हवेतली दारू हुंगणारा सेन्सर. फवारा मारला की एक, नाही मारला की शून्य. एक-शून्य जुळवून अक्षरं. रकिया आमच्या घरच्या आलुबुखारांची, तेव्हा उच्चार शुद्ध येणारच!

तपासणीला विद्यापीठाच्या ग्रोझ्दानाबाई आल्या. प्रयोग फसला तर आमची प्रयोगशाळा मोडक्या खुर्च्यांना मिळणार होती. विभागप्रमुख राडिवोय सर सेन्सरवर ओणवून त्यांना सगळं समजावत होते.

"'नमस्कार' पाठव," बाई मला म्हणाल्या.

मी फवारलं. पडद्यावर उमटलं: श श श श.

'श' हे आमच्या लिपीतलं शेवटचं अक्षर. दारूचा वास हटतच नसेल, तर शून्य येतच नाही, नुसते एकावर एक येतात आणि यंत्र तेच अक्षर छापत बसतं.

"मला गप्प बसायला सांगतंय का?" बाईंनी हळू आवाजात विचारलं.

मी सेन्सर पुसला. खिडकी उघडली. शेवटी बाटलीला बूच लावून दोन्ही हात वर केले. तरी श श श.

"ओग्न्येन, तुला एवढंसं यंत्र धड सांभाळता येत नाही?" सर तिथूनच खेकसले, आणि पडद्यावर ओळभर श उमटले.

तेवढ्यात कॉफी घेऊन मिलुंकाताई आल्या. या आमच्या कचेरीच्या मुख्य आणि सरांच्या पत्नी. पडद्याकडे बघत त्यांनी ट्रे खाली ठेवला.

"राडिवोय, जरा मागे सरक."

सर सरकले. पडदा कोरा.

"आता पुढे ये. तोंड उघड."

श.

"डॉक्टरांनी मार्चपासून बंद केलीय ना तुझी?"

"खोकल्यासाठी घोटभरच," सर पुटपुटले.

"खोकला कुणाला झालाय?"

सर सेन्सरपासून आणखी मागे सरकले. माझे मात्र कान तापले. वर्षभराची मेहनत नवरा-बायकोच्या भांडणात चालली होती. ग्रोझ्दानाबाई तोंडावर रुमाल धरून खिडकीशी गेल्या. त्यांचे खांदे हलत होते.

आठवड्याने अहवाल आला. प्रयोग यशस्वी, खोली आमचीच. मी घाईघाईने माझं नाव शोधलं.

'निरोप पाठवणारा: प्रा. राडिवोय. निरोप मिळाला: सौ. मिलुंका यांना, बिनचूक.'

माझं नाव तळाशी होतं. बाटली धरल्याबद्दल आभार मानले होते.