कांबळे आण्णांची खडूची स्क्रीन

आमच्या ऑफिसात कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर चपला काढून जायची पद्धत होती. ती कांबळे आण्णांनी पाडली.

खत-बियाणं विकणाऱ्या आमच्या कंपनीचं मुख्य ऑफिस शाहूपुरीत. दोन हजार सालाच्या पुढेमागे तिथे नवं सॉफ्टवेअर आलं. गोदामातलं पोतं हललं की नोंद स्क्रीनवर, रजेचा अर्जसुद्धा स्क्रीनवर. सगळ्या स्टाफला हे शिकवायचं काम आस्थापना विभागाचे आण्णा आणि कॉम्प्युटर विभागात नवा लागलेला मी, अशा दोघांवर आलं. साहेबांचा हुकूम असा, की शेवटी परीक्षा होईल आणि नापास होईल तो राधानगरीच्या डेपोवर जाईल. तिथला पाऊस माहीत असल्यामुळे लोकांच्या तोंडचं पाणी पळालं.

मी महिनाभर खपून जाडजूड पुस्तिका लिहिली. आण्णांनी ती हातात तोलून पाहिली.

"पावणं, झाक हाय. पण ही वाचस्तवर माणूस रिटायर हुईल."

मी याच गावातल्या राजारामपुरीत जन्मलेला, तरी त्यांच्या लेखी कायम पावणाच.

मग त्यांनी मागच्या गोदामातली पोती बाजूला करायला लावली आणि जमिनीवर खडूने भलीमोठी स्क्रीन आखली. "आधी पायात, मग हातात," हे त्यांचं पालुपद. या चौकोनात मालाचं नाव, पुढच्यात पोती किती, त्याच्या पुढच्यात कुठला डेपो. मोठ्याने बोलत चालायचं. चपला बाहेर. शेवटच्या चौकोनात वॉचमन मानेमामा छाती काढून उभे. ते 'सेव्ह'चं बटण. त्यांच्या खांद्यावर थाप मारल्याशिवाय नोंद पक्की नाही. एकदा आवक-जावकच्या देसाईबाई थाप न मारताच घरी निघाल्या, तर आण्णांनी त्यांना बसस्टॉपवरून परत आणलं.

"सेव्ह न करताच चाललाय व्हय? सगळं गेलं की तुमचं."

पायाचं झालं की हाताचं, म्हणजे खऱ्या कॉम्प्युटरवरचं, माझ्याकडे. मी धुसफुसत शिकवायचो. माझी पुस्तिका कुणी उघडतसुद्धा नव्हतं, याचा मला राग होता. पण माझ्याकडे येईपर्यंत लोकांना सगळं पाठ झालेलं असायचं, हेही खरं.

परीक्षेच्या दिवशी एकेक जण चपला काढून कॉम्प्युटरपुढे बसला, भराभर नोंद केली आणि शेवटी मान वळवून इकडेतिकडे बघायला लागला. मानेमामा गेटवर होते. साहेबांना काही कळेना. अखेर आण्णांनी मामांना बोलावून खुर्चीमागे उभं केलं. मग मात्र पटापट थापा पडल्या आणि बसलेले सगळे पास झाले.

साहेबांनी यादी पाहिली. "कांबळे, तुम्ही राहिलात."

आण्णा खुर्चीत बसले. हात मांडीवरच राहिले. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. या माणसाने इतक्या दिवसांत कीबोर्डला बोट लावलं नव्हतं. माझी पुस्तिका मात्र पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली होती. खडूचा एकेक चौकोन तिच्यातूनच आला होता.

"पावणं, भ्या वाटतंय," ते मला हळूच म्हणाले. "मंडळी गेल्यापास्नं घरात बोलायला कोण न्हाय. माझी माणसं हितंच हाईत. राधानगरीत कुणासंगं बोलू?"

मला भरून आलं.

तेवढ्यात देसाईबाई पुढे आल्या. त्यांनी चपला काढल्या आणि आण्णांच्या खुर्चीशेजारी एक पाऊल टाकलं.

"पहिला चौकोन, आण्णा. मालाचं नाव."

दुसऱ्या पावलाला पोती, तिसऱ्याला डेपो. साहेब खिडकीबाहेर बघत राहिले. आण्णांचं एक बोट बाईंच्या पावलांमागून कीबोर्डवर चालत गेलं.

शेवटी मानेमामांनी वाकून खांदा पुढे केला. आण्णांनी थाप मारली आणि बटण दाबलं. नोंद पक्की झाली, तरी डावा हात मामांच्या खांद्यावरच होता.

"आण्णा, झालं की सेव्ह," मामा म्हणाले.

"ऱ्हाऊ दे जरा," आण्णा म्हणाले.

मामा तसेच वाकून उभे राहिले.