सुवार्तामावशी आणि नाताळचे कपडे

आमच्या चर्चमध्ये जुने कपडे दान केले की पुढच्या रविवारी त्यांची बटणं परत मिळत.

थट्टा नाही, खरंच मिळत. उपासना संपवून आपण बाहेर पडावं, पायरीवर कुणाला तरी "सलाम" करावा, तोच मागून एक हडकुळा हात पुढे येई आणि आपल्या तळहातावर कागदाची इवलीशी पुडी ठेवी. "तुमचा शर्ट पोचला. ही तुमची बटणं." एवढं बोलून सुवार्तामावशी पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळत. त्या बटणांचं करायचं काय, हे त्यांना विचारायची कुणाची छाती नव्हती. आमच्या घरी तर लोणच्याची एक बरणी बटणांनी भरली होती.

सुवार्ता म्हणजे आनंदाची बातमी. नाव ठेवताना आईबापांनी फार पुढचा विचार केला नसावा. मावशी तोंड उघडत ते बहुधा कुणाची तरी चूक दाखवायलाच. मुलींच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर शिवण शिकवलं. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्या त्याच आठवड्यात स्वतःचं पायमशीन चर्चच्या मागच्या खोलीत आणून ठेवलं आणि कपडेवाटपाचा ताबा घेतला. कुणी दिला नव्हता. त्यांनी घेतला.

दरवर्षी जूनपासून आमची मंडळी, म्हणजे चर्चची सगळी कुटुंबं, घरातले जुने कपडे गोळा करतात आणि नाताळच्या आधी मार्केट यार्डाच्या मागच्या वस्तीतल्या मुलांना वाटतात. या मुलांचे आईवडील यार्डात हमाली करतात, कांदा-बटाटा निवडतात. मुलं रविवारी दुपारी आमच्याकडे अभ्यासाला येतात. कपडे टाकायला चर्चच्या दाराशी एक मोठी पेटी असे आणि पेटीवर मावशींच्या वळणदार अक्षरातली पाटी: "कपडे धुऊन आणावेत. जे आपण घालणार नाही ते दुसऱ्याने का घालावे, याचा घरीच विचार करून यावे. लग्नातले सूट आणू नयेत. गरिबांनाही उकडते."

एकदा चर्चच्या कारभारी समितीतल्या वसंतरावांनी भोकं पडलेलं एक बनियन पेटीत टाकलं. रविवारी सगळी माणसं दारात चहा घेत असताना मावशी ते बनियन दोन बोटांच्या चिमटीत धरून आल्या.

"वसंतराव, हे तुमच्याकडून चुकून आलं."

"चुकून नाही मावशी, दिलंय मी ते. वापरतील कोणीतरी."

"काय पुसायला?"

वसंतरावांनी बनियन खिशात कोंबलं. त्यानंतर ते दरवर्षी नवी कोरी कापडं द्यायचे, बटणांशिवाय.

मावशींचा खरा विक्षिप्तपणा मात्र बटणांच्या पुढचा होता. चांगला, धडधाकट कपडासुद्धा त्या आहे तसा बाहेर जाऊ देत नसत. फ्रॉकची लेस उसवायच्या, कॉलर उलटवायच्या, एका झबल्याच्या बाह्या दुसऱ्याला लावायच्या. माझ्या नवऱ्याचा रेघांचा शर्ट एकदा त्यांच्या टेबलावर दिसला. अर्ध्या बाह्या, साधी पांढरी कॉलर, खिसा डावीकडचा उजवीकडे.

"मावशी, अहो, असा शर्ट कोण घालतं?"

"कोणीच नाही. म्हणून तर," म्हणत त्यांनी दोरा दातांनी तोडला. "आता याला मागचंपुढचं कोणी नाही."

हे त्यांचं पेटंट वाक्य. कपडा तयार झाला की तो झटकायचा, उजेडात धरायचा आणि जाहीर करायचं, "याला आता मागचंपुढचं कोणी नाही." मग कागदात गुंडाळून वर मुलाचं नाव. मापं आधीच वस्तीत जाऊन टेपने घेतलेली असत. एका कपड्याला कधीकधी दोन दिवस जायचे. जूनपासून त्या रोज दुपारी एकट्या खटखट करत बसायच्या, तेव्हा कुठे डिसेंबरात पन्नासेक मुलांचे कपडे व्हायचे. मदतीला कुणी आलंच, तर "तुझा टाका लांब पडतो" म्हणून घरी पाठवायच्या.

तीन वर्षांपूर्वी मी मंडळीच्या सेवाकार्य समितीची सेक्रेटरी झाले. मी आयटी कंपनीत मॅनेजर आहे. माणसांकडून वेळेत काम करून घेणं हाच माझा पोटापाण्याचा उद्योग. पहिल्याच बैठकीत मी सांगितलं, की कपडे चांगले असताना ते उसवून पुन्हा शिवायचे, हा निव्वळ वेळेचा अपव्यय आहे. वस्तीत मुलं वाढली आहेत. मापाप्रमाणे गठ्ठे करा, दोन रविवारांत वाटप उरकेल. सगळ्यांना पटलं. मावशींना सांगायचं कुणी, एवढाच प्रश्न होता. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी मावशींना 'सल्लागार' करायचं ठरवलं. आमच्याकडे एखाद्याचं काम काढून घ्यायचं असेल तर त्याला सल्लागार करतात. पाळकसाहेबांच्या, म्हणजे आमच्या धर्मगुरूंच्या, हस्ते शाल दिली, टाळ्या झाल्या. मावशी भांडतील म्हणून मी उत्तरं तयार ठेवली होती. त्या भांडल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी माझ्या घरी, कर्वेनगरला, दोन बस बदलून आल्या. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाल्या, "अनू, एक आठवडा दे. निदान बटणं आणि लेस तरी बदलते."

"मावशी, बटणं कशाला बदलायची? सगळी छान आहेत."

"छान आहेत म्हणूनच."

"तुम्ही आता आराम करा हो. किती दिवस डोळे फोडणार?"

 त्यांनी माझ्या पडद्याचा शिवणीतून निघालेला कोपरा हातात घेऊन पाहिला, "याला टीप मारून घे," म्हणाल्या आणि गेल्या.

त्या वर्षी वाटप खरोखरच दोन रविवारांत उरकलं. मी फार खूश होते.

नाताळच्या आदल्या रविवारी संध्याकाळी चर्चच्या आवारात मुलांचा कार्यक्रम होता. मंडळीतली मुलं, वस्तीतली मुलं, सगळी एकत्र. वस्तीतली मुलं नवे कपडे घालून आली होती. नवे म्हणजे आमचे. गौरी नावाची नऊ वर्षांची मुलगी एकटी गाणार होती. तिचा आवाज पाण्यासारखा स्वच्छ. महिनाभर तिने तयारी केली होती. तिची आई यार्डातलं काम सोडून आली होती आणि मागे भिंतीला टेकून उभी होती.

गौरी मंचावर आली. अंगात मोरपंखी फ्रॉक, कमरेला सोनेरी बो. दोन ओळी झाल्या असतील. पहिल्या रांगेतून माझी मुलगी श्रेया एकदम उठून उभी राहिली. तिच्या आवाजात दुष्टपणा नव्हता, होता तो फक्त आनंद.

"मम्मी! तो माझा बर्थडेचा फ्रॉक! बघ, चॉकलेटचा डागपण आहे!"

लोक हसले. मोठी माणसं हसली, हे मी मुद्दाम सांगते. मी पण हसले असेन. मुलांना वाटलं, हा खेळच आहे. "तो माझा शर्ट!" "ती माझ्या दादाची पँट!" "ए, ती जर्सी माझी!" मंडळीतली मुलं बोटं दाखवत होती आणि वस्तीतली मुलं जागच्या जागी आक्रसत होती. गौरीने डावा हात डागावर ठेवला. बाजाची पेटी वाजत राहिली, गाणं पुढे गेलं, पण ती गायली नाही. शेवटपर्यंत तशीच उभी राहिली, हात डागावर.

मी श्रेयाला खाली बसवून मंचामागे धावले. तिथे गौरी नव्हती. मागच्या खोलीत दिवा होता आणि दार अर्धं उघडं होतं. गौरी स्टुलावर बसली होती. तिच्या पुढ्यात, थेट फरशीवर, मावशी. गुडघ्यांमुळे ज्या उपासनेत उभ्यासुद्धा राहत नाहीत, त्या मावशी.

"मी बोर्डिंगातली," त्या सांगत होत्या. "तुझ्याएवढीच. वाटपात मला निळा फ्रॉक मिळाला. बटणं बदकाची. मला वाटलं, आता शाळेत आपल्यासारखी आपणच. तर वर्गात एक मुलगी उठली आणि बाईंना म्हणाली, हा माझा फ्रॉक आहे, मी बटणं ओळखते."

"मंग तुमी काय केलं?"

"चावले तिला."

गौरीला हसू फुटलं. "खरंच व्हय?"

"दंडाला. चांगली कडकडून. बाईंनी दिवसभर बाकावर उभं केलं."

"त्याच फ्राकात?"

"त्याच."

गौरीचं हसू गेलं. "मंग फ्राक?"

"दोन वर्षं घातला की. दुसरा कुठे होता?"

मी दारातच थांबले. तेवढ्यात गौरीची आई माझ्यामागून आली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "ताई, तुमच्या लेकीचा हाय म्हणं. पोरीला काय ठावं नव्हतं. उद्या धुवून आणून देते."

"अहो नाही, तो तिचाच आहे. तिलाच राहू दे."

"नगं ताई." एवढंच म्हणून ती गौरीचा हात धरून निघून गेली.

मावशी मशीनचा आधार घेत उठल्या. मी हात पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही.

"मावशी, इतकी वर्षं तुम्ही हे कधी बोलला का नाहीत?"

"कुणी विचारलं?"

"मी विचारलं होतं ना! बैठकीच्या आधीसुद्धा..."

"तू किती वेळ लागतो ते विचारलं होतंस," मावशी म्हणाल्या. रागावून नव्हे. माप सांगावं तसं.

पुढच्या रविवारी वस्तीतल्या एका बाईने फ्रॉक आणून दिला. धुतलेला, चार घड्या घातलेला. डागाच्या जागी घासून घासून कापड विरलं होतं. गौरी अभ्यासाला आली नाही. आणखी दहाबारा मुलं आली नाहीत. मी वस्तीत जायचं ठरवत होते. आधी घरी पाहुणे होते, मग ऑफिसात एक मोठं काम निघालं. गेले तेव्हा फेब्रुवारी लागला होता. गौरीच्या पत्र्याच्या खोलीत दुसरंच कुटुंब राहत होतं. शेजारीण म्हणाली, "गेली की ती लोकं. बीडकडची हायती. गावाला गेली का दुसरीकडं, काय म्हाईत न्हाई." मग माझ्याकडे निरखून बघत म्हणाली, "त्या म्हाताऱ्या बाई बी इचारत येत्यात. दर गुरुवारी."

मी समितीचं सेक्रेटरीपद सोडलं. वाटप पुन्हा मावशींकडे द्यावं असं पाळकसाहेबांना सुचवलं, त्यांनी लगेच मान्यही केलं. पण मावशींचे डोळे तोवर अधू झाले होते. मोतीबिंदूची दोन्ही ऑपरेशनं झाली, तरी बारीक काम जमेना. मशीन घरी नेलं आणि मागची खोली आता खुर्च्या ठेवायला वापरतात. वाटपात हल्ली नवे टीशर्ट देतात, सगळ्यांना एकाच रंगाचे. कुणाची तक्रार नाही. मुलं मात्र पूर्वीपेक्षा कमीच येतात.

गेल्या महिन्यात मी नाना पेठेत मावशींच्या खोलीवर गेले होते. एक कॉट, एक टेबल, मशीन. मी गेले की त्या दुसरा कप शेजारणीकडून आणतात. त्यांच्याकडे एकच आहे. त्या दिवशी त्या खिडकीशी बसून एका फ्रॉकचा काठ उसवत होत्या. लिंबाच्या रंगाचं सुती कापड, कोरं, दुकानातून फाडून आणलेलं. गळ्याला बारीक हातकाम. कुणाच्याही अंगाला न लागलेला असा फ्रॉक मी त्यांच्या हातात पहिल्यांदाच पाहत होते.

"कुणाचा हो?"

"गौरीचा. तेव्हाच शिवला होता, त्या जानेवारीत. घेऊन गेले तर नव्हती." त्यांनी काठ चष्म्याजवळ नेला. "खाली कापड भरपूर ठेवलंय. दरवर्षी दोन-दोन इंच सोडते. या वयात पोरी भराभर वाढतात गं."

 त्यांनी सुई आणि दोरा माझ्यापुढे धरला. तीन वेळा माझा दोरा चुकला, चौथ्यांदा गेला.

"अकरावं संपत आलं असेल आता तिचं," मावशी म्हणाल्या. "बरोबर ना?"

मी बोटांवर मोजलं. बारावं लागलं होतं. तसं सांगितल्यावर त्यांनी काठ आणखी एक इंच उसवला.