एक्केचाळीस शब्दांचे अप्पा

पुण्याहून प्रमोदिनीबाईंचं पोस्टकार्ड बुधवारी दुपारी आलं आणि ते वाचून संघपाल दारातच खाली बसला. कार्डावर दोनच ओळी होत्या. 'रविवारी सकाळी बारामतीत पोचते. प्रबंधातल्या निरवांगीच्या शेतकऱ्याला भेटायचं आहे.'

संघपाल बारामतीच्या एका कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचा. साल शहाण्णव, वय छत्तीस, आणि पीएच.डी. सात वर्षं रखडलेली. साधनेत माणसाला जे अनुभव येतात त्यांच्यासाठी नवी मराठी परिभाषा, असा विषय होता. जुने शब्द सगळे आत्म्या-परमात्म्याला बांधलेले. मग आत्माच न मानणाऱ्या घरातल्या माणसाला ध्यानात काही जाणवलं, तर त्यानं ते कुठल्या शब्दांत सांगायचं? प्रश्न खरा होता आणि संघपालला तो मनापासून छळायचा. त्यापायी त्यानं एक्केचाळीस शब्द घडवले. निःस्वभान, कालविरळ, मौनगर्भ, देहओसर. शब्द जुळला की तो बायकोला ऐकवायचा, आणि करुणा भाकरी थापता थापता म्हणायची, "छान आहे. म्हणजे काय?"

मार्गदर्शक प्रमोदिनीबाईंनी मात्र वेगळं विचारलं होतं. शब्द झाले, पण हे अनुभव आले कुणाला? संघपालला स्वतःला काहीच आलं नव्हतं. डोळे मिटले की पेपर तपासायचे राहिलेत एवढंच त्याला आठवायचं. रोज ध्यानाला बसणारा त्याच्या ओळखीचा माणूस एकच, निरवांगीचे सासरे अप्पा. ते सकाळी उसाच्या बांधावर अर्धा तास बसायचे. काय होतं, असं विचारल्यावर अप्पा म्हणाले होते, "बरं वाटतं." त्या दोन शब्दांची संघपालनं अठ्ठावीस पानं केली आणि सगळेच्या सगळे एक्केचाळीस शब्द अप्पांच्या तोंडी घातले.

आता बाई त्याच अप्पांना भेटणार होत्या. डिग्री जाणार, कॉलेजात तोंड दाखवायला जागा उरणार नाही, आणि सासऱ्यांच्या नावावर खोटं खपवलं हे सासुरवाडीत कळणार. त्या रात्री संघपाल जेवलाच नाही. गुरुवारी रजा टाकून तो निरवांगीला गेला आणि मान खाली घालून त्यानं सगळं सांगितलं.

"जावयबापू, मी असलं कवा बोललो?" अप्पांनी विचारलं.

"नाही बोललात. पण रविवारी बोलावं लागेल."

अप्पा भले माणूस. जावयासाठी त्यांनी शब्दांचा कागद हातात धरला, पण तिसऱ्या शब्दाला त्यांची गाडी अडली आणि विहिरीवरची मोटार बघून येतो म्हणून ते उठले. शेवटी सासूबाईंनी, अक्काबाईंनी, तो कागद ओढून घेतला. विहारातली वंदना त्याच सांगायच्या. यांच्या ध्यानात राहायचं नाही, माझ्यावर सोडा, रविवारपर्यंत पाठ करून घेते, असं त्यांनी छातीठोकपणे सांगितलं. कसं करून घेणार, हे विचारायचं संघपालला सुचलं नाही. त्याचं चुकलं ते इथंच.

रविवारी बाई उतरल्या. साठीच्या, अंगानं किरकोळ, जाड चष्म्याच्या. पुढच्या एसटीत त्यांनी एवढंच विचारलं, की सासऱ्यांचं शिक्षण किती. चौथी, असं सांगितल्यावर त्या "हं" म्हणाल्या. ते 'हं' संघपालला निरवांगी येईपर्यंत पुरलं.

पुण्याच्या बाई येणार म्हणून सगळी आळी विहारात जमली होती. पांढऱ्या साड्यांतल्या पंचवीसएक बाया ओळीनं बसल्या होत्या. त्रिशरण झालं, पंचशील झालं. सांगणारानं म्हणायचं आणि बाकीच्यांनी मागून म्हणायचं, ही तिथली रीतच. प्रमोदिनीबाईही हात जोडून बसल्या. संघपालला जरा हायसं वाटलं. तेवढ्यात अक्काबाईंनी हात न सोडता, त्याच चालीत पुढं म्हटलं, "निःस्वभान."

"निःस्वभान," पंचवीस गळ्यांतून आलं.

"कालविरळ."

"कालविरळ."

तीन दिवस संध्याकाळच्या वंदनेनंतर अक्काबाईंनी अख्ख्या आळीकडून शब्द घोटून घेतले होते. शब्दांच्या जागा चुकत नव्हत्या की चाल मोडत नव्हती. फक्त अप्पाच इतरांच्या ओठांकडं बघत एक शब्द मागं राहत होते. एक्केचाळिसावा शब्द झाला, "साधु, साधु, साधु" झालं आणि वंदना संपली.

बाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला. संघपालकडं न बघता त्यांनी अप्पांना विचारलं, "हे शब्द तुमचे का?"

अप्पांनी जावयाकडं बघितलं. मग बुद्धाच्या मूर्तीकडं. "बाई, खोटं बोलणार न्हाय म्हणून आत्ताच शील घेतलंय. हितंच कसं मोडू? शब्द जावयाचं हायेत."

बाईंच्या चेहऱ्यावर काहीच दिसेना, तेच संघपालला जास्त भयंकर वाटलं.

"मग तुम्हाला काय होतं?" बाईंनी विचारलं.

"भ्या वाटतं," अप्पा म्हणाले. "आधी बरं वाटतं. मग मधीच बांध असतो, ऊस असतो, मोटार चालू असती, निस्ता मीच नसतो. लई भ्या वाटतं बघा. मग खोकतो. खोकलं की हाय मी."

"अगं बया," अक्काबाई म्हणाल्या, "तीस वर्सं त्या खोकल्याला मी अडुळशाचा काढा देतीया."

बाया हसल्या. प्रमोदिनीबाई हसल्या नाहीत. अप्पांच्या जवळ सरकून त्या हळूच म्हणाल्या, "मला तसं झालं की मी दिवे लावते. भर दुपारी, घरातले सगळे. बावीस वर्षं हा विषय शिकवते, पण हे कुणाला सांगितलं नव्हतं." अप्पांनी समजल्यासारखी मान हलवली.

परतीच्या गाडीत त्यांनी संघपालला निकाल सांगितला. अठ्ठावीस पानं काढायची आणि अप्पा बोलले ते जसंच्या तसं घालायचं. स्वतः रोज बसायचं. "आणि सहा महिन्यांनी ज्या शब्दाची भीती वाटेल तेवढाच ठेवा," त्या म्हणाल्या. आपण एवढ्यावर सुटलो, या आनंदात संघपालनं लगेच हो म्हटलं.

तो बसू लागला. पहिले तीन महिने पेपर, पगारवाढ आणि पायाला येणाऱ्या मुंग्या, याखेरीज काही झालं नाही. चौथ्या महिन्यात एका सकाळी स्वयंपाकघरातल्या करुणाला हाक ऐकू आली. ती धावत आली तर संघपाल भिंतीला पाठ लावून बसला होता, चेहरा पांढराफटक. त्यानं तिचा हात घट्ट धरला. एक्केचाळिसातला एकही शब्द त्याच्या जिभेवर येईना.

"करुणा," तो म्हणाला, "मी आहे ना?"

"आहात," करुणा म्हणाली. "आणि तुमच्या हाकेनं दूध उतू गेलंय. ओटा पुसा."

संघपाल उठला आणि त्यानं ओटा दोनदा पुसला.